जंजिऱ्याच्या इतिहासात सिद्दी मुली कुठे आहेत? (थ्रेड)

१/
राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याला जाणाऱ्या पर्यटकाला तासाभरात सिद्दींचा सारा इतिहास ऐकवला जातो. कलाल बांगडी तोफ, भर समुद्रातला गोड्या पाण्याचा तलाव, महादरवाजाजवळचे हत्तींना पंजात धरलेले श्वापद, आणि सर्वांवर कळस म्हणून 'अजिंक्य' हा शब्द. या कथनात सुलतान असतात, पेशवे असतात, इंग्रज असतात, आफ्रिकेतून आलेले शूर दर्यावर्दी असतात. स्त्री मात्र एकही नसते. तीनशेहून अधिक वर्षे टिकलेली सत्ता जणू आईवाचून जन्मली आणि लेकींवाचून वाढली.

२/
हा विसर निरुपद्रवी नाही. ज्या समाजाच्या स्त्रिया इतिहासात नाहीत, त्या समाजाच्या मुली शाळेच्या पटावर, शिष्यवृत्तीच्या यादीत आणि नोकरीच्या जाहिरातीतही कुणाला आठवत नाहीत. भारतात कृष्णवर्णीय स्त्रियांचे शिक्षण आणि रोजगार असा विषय निघाला की लोक अमेरिकेकडे बोट दाखवतात. रायगडचा किनारा आणि नाशिकचा शरणपूर रस्ता त्यांना दिसत नाही.

३/
आधी बाजारातून सुरुवात करणे भाग आहे, कारण हा समाज या किनाऱ्यावर बाजारातूनच आला. पूर्व आफ्रिकेतून अरबी समुद्रामार्गे जो गुलामांचा व्यापार चालला, त्यात स्त्रिया आणि मुलींचा वाटा मोठा होता. पुरुष गुलाम सैन्यात आणि आरमारात गेले. त्यांतल्या काहींनी पराक्रमाने सत्ता मिळवली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हे कुठल्याही मराठी वाचकाला ठाऊक आहे. गुलाम स्त्रियांना मात्र ही शिडी कधीच उपलब्ध नव्हती. त्यांच्या वाट्याला मुदपाकखाना, जनानखाना आणि दळण-कांडण आले. तलवारीच्या नोकरीत बढती असते, जात्याच्या नोकरीत ती नसते.

४/
हे केवळ जंजिऱ्याचे पाप नव्हे. पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबिणी' आणि 'बटकी' यांच्या खरेदी-विक्रीच्या, नेमणुकीच्या आणि पळून गेल्याच्या नोंदी विपुल आहेत. कोठ्या, पागा, वाडे, सर्वत्र त्यांचे श्रम खपत होते. त्या बहुतेक देशीच होत्या. सिद्दी परका म्हणून क्रूर आणि आपण स्वकीय म्हणून दयाळू, ही सोयीची विभागणी त्या दफ्तरापुढे टिकत नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. बाईचे काम मात्र तेच राहिले. मालकाऐवजी धनी म्हणण्याची सवय लागली, इतकेच.

५/
आता नाशिक. ही कथा मराठी वाचकांना फारशी सांगितली जात नाही, म्हणून थोडे थांबून.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराच्या गस्ती नौका अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत. त्यांवर सापडलेली माणसे मुंबईत उतरवली जात, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असत. 'मुक्त' झालेल्या या मुलांचे करायचे काय, हा सरकारपुढचा प्रश्न होता. काहींना मुंबईतल्या घरांत चाकरीला दिले गेले. काही मिशनऱ्यांकडे सोपवली गेली. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती. तिथे १८६० च्या सुमारास या मुलांसाठी 'आफ्रिकन असायलम' चालू झाले. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख नाव.

६/
शरणपूरला मुलगे आणि मुली दोघेही होते. दोघांना अक्षरओळख आणि बायबल शिकवले जाई. फरक पुढे होता. मुलग्यांना सुतारकाम आणि लोहारकाम, मुलींना शिवण आणि घरकाम. म्हणजे एकाच गलबतावरून उतरलेल्या दोन अनाथ मुलांपैकी एकाच्या हाती बाजारात विकता येणारे कौशल्य दिले गेले, आणि दुसरीच्या हाती असे काम, ज्याला बाजारात मोल नव्हते आणि घरात मान नव्हता. मुलींना वसाहतीत ठेवण्यामागे एक हिशेब उघड होता. शिकलेल्या ख्रिस्ती आफ्रिकन तरुणांना बायका हव्या होत्या. मुलीचे शिक्षण दुसऱ्या कुणाच्या संसाराची तयारी म्हणून चालले होते.

७/
याचा परिणाम कागदावर मोजता येतो. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईहून आफ्रिकेत गेला, तेव्हा त्याच्यासोबत नाशिकच्या आश्रमातले नऊ तरुण होते. पुढे त्याच्या तुकडीत दाखल झालेला जेकब वेनराइट याच शरणपूरचा विद्यार्थी. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर झाडाच्या खोडावर त्याचे नाव कोरणारा, त्याच्या शवासोबत इंग्लंडला जाणारा, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिकेला खांदा देणारा तरुण नाशिकमध्ये लिहायला शिकला होता. जेम्स चुमा काही काळ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ 'फ्रिअर टाउन' ही मुक्त गुलामांची वसाहत वसली. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव मिळाले आणि तिच्या उभारणीसाठी प्राइस गेले. 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणून ओळखले गेलेले तिथले शिक्षक, धर्मोपदेशक आणि कारागीर केनियाच्या इतिहासात नोंदले गेले आहेत.

या पुरुषांसोबत त्यांच्या बायकाही गेल्या. त्याही शरणपूरला वाचायला शिकल्या होत्या, त्यांनीही दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला. इतिहासाच्या पुस्तकांत त्या 'अमक्याची पत्नी' एवढ्याच उरतात. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो गाड्या धावतात. त्या रस्त्याच्या नावातले 'शरण' कुणाला मिळाले होते, याची आठवण शहरात क्वचितच निघते.

८/
येथे एक आक्षेप हमखास येतो. 'मिशनऱ्यांनी निदान शिकवले तरी, आपल्याकडे तेव्हा कोण मुलींना शिकवत होते?' शिकवत होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. शिवण नव्हे, धर्मचिकित्सा. तळातल्या जातीची एक मुलगी सार्वजनिक वादात उतरली, कारण तिला कुणाची तरी बायको होण्यासाठी शिकवले जात नव्हते. दोन्ही शाळा एकाच काळातल्या, एकाच मुंबई इलाख्यातल्या. मुलीला काय शिकवायचे हा प्रश्न तेव्हाही खुला होता, आणि शरणपूरने त्याचे एक ठरावीक उत्तर निवडले होते.

९/
फुल्यांचा उल्लेख आला आहे, तर तो पुरा व्हावा. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. शंभर वर्षे महाराष्ट्र समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाशी नाते सांगत आला, आणि ते नाते खरे होते. पण अलीकडच्या किनाऱ्यावरची काळी मुलगी या शतकभराच्या संवादात कुठेही नाही. नवलाची गोष्ट अशी की तिचा तालुका महाडच्याच जिल्ह्यात आहे. १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर बाबासाहेबांनी महाडला जमलेल्या स्त्रियांना मुलींना शाळेत घालण्यास बजावून सांगितले. त्या वेळी मुरूड होते जंजिरा संस्थानात, इंग्रजी कुलाबा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर.

१०/
त्या काळी जंजिऱ्याची गादी कुणाकडे होती? अल्पवयीन नवाबाच्या वतीने १९२२ पासून १९३३ पर्यंत त्याची आई कुलसुम बेगम कारभार पाहत होती. त्याआधीची नाझली बेगम मुंबईच्या तय्यबजी-फैजी परिवारातली. ती युरोप फिरून आली आणि तिने उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. तिची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. अतियाचे नाव घेऊन 'जंजिऱ्याच्या सुशिक्षित स्त्रिया' असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. तो मजकूर दिशाभूल करतो. फैजी भगिनी कर्तबगार होत्या, पण त्या सिद्दी नव्हत्या. त्यांच्यामागे मुंबईच्या एका श्रीमंत, सुधारक कुटुंबाचे बळ होते. राजवाड्यात पुस्तकांचे कपाट असणे आणि राजवाड्याबाहेरच्या मुलीला पाटी मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

११/
'सिद्दी तर राज्यकर्ते होते, त्यांच्यावर कसला अन्याय?' हा दुसरा लाडका प्रश्न. सत्ता नवाबाची होती. इनामे आणि नेमणुका त्याच्या भाऊबंदांच्या होत्या, आणि त्याही पुरुषांच्या नावे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. मुंबई राज्याने पुढच्या दशकात व्यक्तिगत इनामे रद्द केली. १९७१ मध्ये तनखेही गेले. जमीन समतेच्या दृष्टीने हे सारे योग्यच झाले. पण ज्या घरात मुलीला बाहेरचे काम शिकवलेच नव्हते, त्या घराचे उत्पन्न थांबल्यावर तिच्यापाशी काय उरले? राज्यकर्त्या जातीचा शिक्का मात्र उरला, आणि त्या शिक्क्यामुळे मागासलेपणाचा दाखलाही नाही.

१२/
आता या थ्रेडमधला सर्वांत विचित्र भाग. काठेवाडातले जाफराबाद हे बंदर अठराव्या शतकापासून विलीनीकरणापर्यंत जंजिऱ्याच्याच नवाबाचे होते. एक राजा, दोन किनारे. आज जाफराबाद गुजरातेत, अमरेली जिल्ह्यात आहे. अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट, सुरेंद्रनगर या जिल्ह्यांतले सिद्दी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. गोव्याच्या यादीत सिद्दी आहेत. दमण आणि दीवच्या यादीत आहेत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याचे सिद्दी २००३ मध्ये यादीत आले. महाराष्ट्राच्या यादीत अंधपासून विटोलियापर्यंत सत्तेचाळीस नोंदी आहेत. त्यांत सिद्दी नाहीत.

म्हणजे एकाच नवाबाच्या दोन प्रजाजनांच्या पणत्या. एकीला वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि राखीव जागा. दुसरी कागदोपत्री कुणीच नाही. गुजरातेतही अन्याय नाही असे नव्हे. यादी जिल्ह्यांच्या सीमेवर थांबते, आणि भरूचच्या सिद्दी मुलीला सौराष्ट्रातल्या मावसबहिणीचा हक्क मिळत नाही. जमात रक्ताने आणि इतिहासाने ओळखायची की कलेक्टर कचेरीच्या हद्दीने?

१३/
यादीत नाव आले की सारे सुधारते, असा भाबडा दावा येथे नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांतले सिद्दी मुख्यतः गोव्यातून पोर्तुगिजांच्या गुलामीतून निसटून रानात शिरलेल्यांचे वंशज मानले जातात. कोकणी-मराठी मिसळलेली बोली त्यांच्या घरात आहे. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी, रानातला मध आणि कंदमुळे, शहरातली घरकामे, ही त्यांच्या स्त्रियांची उपजीविका. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाला अचानक साक्षात्कार झाला की आफ्रिकी वंशाची मुले धावण्यात पदके आणतील. सिद्दी मुलामुलींना हेरून प्रशिक्षण केंद्रांत नेले गेले. काहींनी चांगली कामगिरी केली. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि अर्ध्यावर सोडलेली शाळा घेऊन मुले परत आली. शासनाला या मुलींचे पाय दिसले. त्यांच्या डोक्यात काय आहे, हे पाहण्यासाठी तशी योजना कुणाला सुचली नाही.

१४/
त्याच भागातल्या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे कडेकडून आत शिवत नेत जी गोधडी करतात, तिला 'कवंदी' म्हणतात. या कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत कलाकृती म्हणून टांगल्या गेल्या आहेत, त्यांवर अभ्यासकांनी लिहिले आहे. शरणपूरच्या मुलींना दीडशे वर्षांपूर्वी शिकवलेली शिवण आणि ही शिवण यांत एक फरक आहे. ही कुणी वरून नेमून दिलेली नाही, आईकडून लेकीकडे आलेली आहे. तरीही गावात ती 'बायकांचे फावल्या वेळचे काम'च राहते. कौशल्याला कौशल्य ठरवण्याचा अधिकार कुणाकडे, यावर मजुरीचा दर ठरतो.

गुजरातेत जांबूरच्या हिरबाई लोबी यांनी सिद्दी स्त्रियांचे बचतगट बांधले, बालवाड्या काढल्या. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच. पण एका बाईला आयुष्यभर जे करावे लागले, ते मुळात शासनाचे काम होते.

१५/
अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडते, ते नक्कल म्हणून नव्हे. सेंट लुईसमध्ये पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर खटला भरला. कंपनीने १९६४ पूर्वी काळ्या स्त्रियांना घेतलेच नव्हते, आणि पुढे कपात करताना 'शेवटी आलेला आधी बाहेर' हा नियम लावला. साहजिकच त्याच बाहेर पडल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने म्हटले की कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणून लिंगभेद नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर ती काळ्या पुरुषांच्या खटल्याबरोबर चालवा. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, आणि कारखान्यात काळे होते ते पुरुष. काळी स्त्री या दोन वाक्यांच्या फटीत नाहीशी झाली. विधिज्ञ किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द पुढे आणला, तेव्हा या खटल्याची चिकित्सा त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी होती. महाराष्ट्रात शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी केली, तिचाही रोख अशाच फटीवर होता.

मुरूडच्या मुलीला ही फट तिपदरी आहे. मुस्लिमांच्या आकडेवारीत ती मुसलमान म्हणून मिसळते, स्त्रियांच्या आकडेवारीत स्त्री म्हणून, आणि सिद्दींच्या इतिहासात तर पुरुषच आहेत.

१६/
'भारतात वर्णद्वेष नाही, ही बाहेरून आणलेली भानगड आहे' असे म्हणणाऱ्यांनी वधू-वर सूचक जाहिरातींतले 'गोरी' हे विशेषण मोजावे. १९७५ पासून गोरेपणा ट्यूबमध्ये भरून विकणारी कंपनी २०२० मध्ये फक्त नाव बदलते, माल तोच राहतो. त्या मालाच्या जुन्या जाहिरातींत मुलगी उजळली की तिला नोकरी मिळत असे. रंग आणि रोजगार यांचा संबंध अमेरिकेतून कुणी आणला नाही. तो दर संध्याकाळी दूरदर्शनवर दाखवला जात होता. आणि २०१६ च्या जानेवारीत बेंगळुरूत शिकायला आलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण करून तिचे कपडे फाडले. अपघात दुसऱ्याच कुणा परदेशी माणसाच्या गाडीने झाला होता, तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिचा रंग तेवढा पुरला.

१७/
शाळेकडे वळू. महाराष्ट्रातल्या चौथीच्या मुलांना शिवचरित्र शिकवले जाते, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण त्यात सिद्दी भेटतो तो पन्हाळ्याला वेढा घालणारा जौहर म्हणून. त्याच प्रसंगी स्वराज्याच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल किती शिक्षक सांगतात? कुरळ्या केसांची एखादी दहा वर्षांची मुलगी मुरूडच्या वर्गात बसून तो धडा ऐकते, तेव्हा तिच्या आडनावाचा माणूस फक्त शत्रूच्या छावणीत असतो, आणि तिच्यासारखी बाई तर कुठल्याच छावणीत नसते. शाळेतून मुली का गळतात याची कारणे शोधणाऱ्या समित्या वर्गातली हवा मोजत नाहीत.

१८/
करता येण्याजोगे काय आहे? पुष्कळ. अनुसूचित जमातींच्या यादीत भर घालण्याचा मार्ग ठरलेला आहे. राज्य शासनाने अभ्यासासह शिफारस करायची, मग महानिबंधक, मग राष्ट्रीय आयोग, आणि शेवटी अनुच्छेद ३४२ खाली संसद. अभ्यासाचे काम करण्यासाठी पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. त्या अभ्यासातून मुरूडचे सिद्दी निकषांत बसत नाहीत असे निघाले, तर तसे लिहावे. पण आधी मोजावे, आणि मोजताना मुली स्वतंत्रपणे मोजाव्यात. किती शाळेत गेल्या, कितवीत सुटल्या, आज काय काम करतात. पर्यटनाच्या नावाने जंजिऱ्यावर जो पैसा येतो, त्यातले मार्गदर्शकांचे प्रशिक्षण त्याच तालुक्यातल्या सिद्दी मुलींना पहिल्याने द्यायला तर संसदेची गरज नाही.

कर्नाटकाने शिफारस केली, पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये उत्तर कन्नडचे सिद्दी यादीत आले. २०२० मध्ये त्या राज्याच्या विधान परिषदेत शांताराम सिद्दी यांच्या रूपाने पहिला सिद्दी सदस्य बसला. मुरूडहून हल्याळ रस्त्याने एका दिवसाचा प्रवास आहे.